रोहण्याच्या चुलीवर ओकोनोमियाकी

मी आठवीत असताना बाबा गेले. ते बैलगाडीनं लोकांचा कापूस जिनिंगला पोचवायचे. ट्रॅक्टर आले तशी आधी गाडी विकली, मग बैल विकले आणि वर्षभरात ते स्वतःच गेले. वावर आमचं कधीच नव्हतं. त्यानंतरची चार वर्षं रोहण्यात आमच्या घरी संध्याकाळी जवारीच्या कण्या शिजल्या. सोबत आंबाडीची भाजी असली तर असली. माय मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, पल्लवीला, वाढायची आणि स्वतः म्हणायची, "मले भूक नाई." दुसऱ्या दिवशी तीच माय लोकांच्या पऱ्हाटीत उभी राहून दिवस मावळेपर्यंत कापूस वेचायची. कोणतं अन्न माणसाला किती वेळ उभं ठेवतं, याचं जे ज्ञान तिला आहे ते मला नर्सिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही.

त्या कण्यांवर मी बी.एस्सी. नर्सिंग झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, ही मिरवते. मिरवतेच.

पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते. जपानमध्ये ओसाकाजवळ एका वृद्धाश्रमात मला तीन वर्षांची नोकरी लागली होती. अख्खं गाव बस स्टँडवर सोडायला आलं. आणि सात महिन्यांत मी परत आले, तीही अशी वाळून की मायनं मला उतरताना पाहिलं आणि माझी बॅग आधी स्वतःच्या हातात घेतली. गावात सांगितलं की तिथलं पाणी मानवलं नाही. मी वर्ध्याला एका दवाखान्यात नोकरी धरली, खोली घेतली आणि तो विषय बंद केला.

तो उघडला पल्लवीनं. तिचंही नर्सिंग झालं आणि तिलाही तिकडच्याच एका वृद्धाश्रमाचं पत्र आलं. सोमवारी नागपूरला जाऊन कागद करायचे होते. माय म्हणाली, नाही.

"एक पाठवली तं अर्धी वापस आली. तिथं खायाले काय हाय?"

मी म्हटलं, पुष्कळ आहे. चांगलं आहे.

"मंग तू काऊन वाळली?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण देण्यासारखं नव्हतं. शेवटी मायनंच अट घातली. तिथलं लोक खातात ते तिच्या चुलीवर करून दाखवायचं. ते खाऊन ती कापूस वेचायला जाणार. दिवस मावळायच्या आत भूक लागली, तर पल्लवी कुठं जात नाही. पल्लवी तेवीस वर्षांची आहे, मायच्या होकाराशिवाय जाऊ शकली असती. पण ती म्हणाली, "मायच्या नाईवर मी जात नाई." म्हणून चार दिवसांची रजा टाकून मी आपल्याच जिल्ह्यात जपानच्या प्रवासाला निघाले.

गुरुवार, वर्धा

ओकोनोमियाकी म्हणजे काय, ते आधी सांगते. गव्हाच्या पिठात भरपूर बारीक चिरलेला पत्ताकोबी, अंडं, कांद्याची पात घालून तव्यावर जाड भाजायचं, वरून आंबटगोड रस्सा लावायचा. आपलं धिरडं आणि थालीपीठ यांच्या मधलं काहीतरी. नावाचा अर्थच असा की तुम्हाला आवडेल ते घाला आणि भाजा. मी ज्या घरात भाड्यानं राहायचे तिथल्या घरमालकीण फुमिको आजींनी मला ते शिकवलं, तेही अगदी शेवटच्या आठवड्यात, जेव्हा माझं परतीचं तिकीट निघालेलं होतं.

पल्लवीला सोबत घेऊन खोलीवर पहिला प्रयोग केला. आजी पिठात एक लांब पांढरा कंद किसून घालायच्या. तो किसला की चिकट होतो आणि धिरडं फुगतं. तो वर्ध्याच्या बाजारात मिळण्याचा प्रश्न नव्हता. मी डोकं लावलं. आपली कोचई, म्हणजे अळूचा कंद, तीही चिकटच असते. दोन कोचया किसून घातल्या.

पल्लवीनं विचारलं, "आजीनं कोचई सांगतली होती का?"

"नाही. पण चिकट आहे ना."

"चिकट तं डिंकही असते."

दुसऱ्या घासाला दोघींचा घसा खवखवायला लागला. कोचई चिंच घालून चांगली शिजवल्याशिवाय खात नाहीत, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत आहे. मला जपानच्या नादात आठवलं नाही. दोन नर्सा गूळ खाऊन, गरम पाण्याच्या गुळण्या करत बसलो.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. कोबीला मी मीठ लावून ठेवलं आणि घट्ट पिळून घेतलं, कारण मायनं आम्हाला भज्यांसाठी तसंच शिकवलेलं आहे. पिळलेल्या कोबीच्या चिंध्या झाल्या, आणि तरी उरलेलं पाणी पिठात सुटत राहिलं. आमच्या पोळीच्या तव्यावर ते सगळं मधल्या खळग्यात जमलं. बाहेरून करपलं, आतून कच्चं राहिलं.

मी म्हटलं, आता दुसरं काहीतरी सोपं करून दाखवू.

पल्लवी म्हणाली, "तुले जे येते तेच कर. फक्त कोणाले तरी विचारून कर."

शुक्रवार, पवनार आणि सिंदी

सकाळच्या बसनं पवनारला उतरलो. धाम नदीच्या काठच्या वाफ्यांत एक बाई कोबी कापत होती. मी एकटी असते तर बाजारातून गड्डा घेऊन मोकळी झाले असते. पल्लवी बांधावरून सरळ वाफ्यात उतरली.

"मावशी, पत्ताकोबीले पाणी सुटते. काय करायचं?"

"मीठ लावलं असन तुमी."

"हो. अन् पिळलाबी."

बाईनं विळा थांबवून आधी तिच्याकडे आणि मग बांधावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "चव तं त्या पाण्यातच राह्यते बाई. ते फेकून देल्लं अन् चोथा खाल्ला. कायले? मीठ पिठात टाका. कोबी कोरडा ठेवा अन् तवा तापला का मंगच कालवा. लगेच टाका. बसू देऊ नका."

शब्द वेगळे, पण हेच फुमिको आजी सांगायच्या. त्या एका वेळी एकाच धिरड्याचं कालवायच्या, आणि मला ते वेळकाढूपणाचं वाटायचं. बाईनं दोन गड्डे वरच्या हिरव्या पानांसकट कापून दिले, म्हणजे उद्यापर्यंत टिकतील. पल्लवीनं तिला हेही विचारलं की पीठ फुगवायला काय घालू. "उडदाची मोगर भिजवून वाट. वड्यात नाई का घालत?" कोचईचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला. मी चार वर्षं विज्ञान शिकलेली बाई बांधावर उभी राहून ऐकत होते.

तिथून सिंदीला, मामाकडे. मामा लोखंडी दारं-खिडक्या जोडण्याच्या दुकानात काम करतो. आम्हाला सपाट तवा हवा होता. मायचा भाकरीचा तवा खोलगट आहे, त्यावर कोबीचं गुरुवारसारखंच झालं असतं. मामानं भंगारातून एक जाड पत्रा काढला, गोल कापला, कडा घासल्या आणि दोन कड्या जोडल्या. उचलून माझ्या हातात दिला तेव्हा माझे हात खाली गेले.

"भाची, यावर धिरडं करशीन का नालीवर झाकण टाकशीन?"

"मामा, तिकडं असाच जाड असतो. एवढाच काय, टेबलाएवढा असतो. लोक त्याच्या भोवती बसतात आणि तव्यावरूनच खातात."

"तव्यावरून?" मामा गंभीर झाला. "तव्यात खाल्लं का लग्नात पाणी येते."

"मंग त्या देशात सगळ्याच लग्नांत मांडव वाहून जात असन," पल्लवी म्हणाली, आणि त्याच दमात तिनं दोन सराटेही मागून घेतले. उलटायला दोन लागतात. मामानं उलथण्यांची टोकं ठोकून रुंद करून दिली. तो तवा पिशवीत घेऊन आम्ही रोहण्याच्या बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवून पाहिली. ती सरकली नाही. "याचं तिकीट काढता का?" म्हणाला.

शनिवार, रोहणा

पहाटे मायनं चूल पेटवली आणि बाजूला पिढ्यावर बसली. परीक्षेला बसवणारे मास्तर बसतात तशी. मी आदल्या संध्याकाळी तवा तेल आणि कांदा चोळून तापवून ठेवला होता. तिकडे पीठ मासळीच्या अर्कात कालवतात, त्यासाठी आठवडी बाजारातले सुके झिंगे भिजवले होते. मायला झिंग्याची चटणी आवडते, त्यामुळे त्या वासाची तरी भीती नव्हती. पीठ, वाटलेली मोगर, म्हणजे उडदाची डाळ, झिंग्यांचं पाणी, अंडी. तवा तापल्यावर कोरडा कोबी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, कालवला आणि टाकला.

पसरलं न पसरलं तोच मायचा ओला हात पुढे आला आणि तिनं ते वरून थापलं.

"दाबू नको माय."

"दाबलं नाई तर आतून शिजन कसं?"

"वाफेनं शिजते. दाबलं की वाफ जाते, दगड होते."

"तीस वर्षं थापून राह्यली मी," माय म्हणाली. पण हात मागे घेतला. दुसरं तिनं दाबलं नाही. दोन सराट्यांनी उलटलं, ते उलटलं गेलं, अख्खं. वर चिंच, गूळ, टमाटर आणि सोया सॉसचा आटवलेला रस्सा लावला. पहिला तुकडा मायनं चुलीला दाखवला, आमच्याकडे नवीन काहीही शिजलं की तसंच करतात. मग खाल्लं. ताटात घेऊन. लग्नं अजून व्हायची आहेत म्हणाली.

"कसं झालं?"

"तोंडाले बरं हाय. पोटाचं दुपारी सांगीन."

दोन अख्खी खाऊन ती निघाली. शिदोरी घेतली नाही. आम्ही दोघी मागून गेलो. कमरेला फडकं बांधून आम्हीही वेचायला लागलो, कारण वावरात नुसतं उभं राहून पाहणं मायला चालत नाही. शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, शांताकाकू होती. ती मायची वीस वर्षांची वेचणीची जोडीदार आहे, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं.

अकरापर्यंत मायचे हात दोन्ही बाजूंना चालत होते. बाराच्या सुमाराला तिनं पदर काढून कमरेभोवती घट्ट आवळला. भुकेची ही खूण मला लहानपणापासून माहीत आहे. पल्लवीनंही पाहिलं. दुपारची सुट्टी झाली, बाया निंबाखाली बसल्या, डबे उघडले.

"भूक लागली," माय म्हणाली. बस, एवढंच.

कोबी म्हणजे पाणीच, हे मला कळायला हवं होतं. ओसाकात ते खाऊन लोक खुर्चीवर बसतात, पऱ्हाटीत उभे राहत नाहीत. मी मान खाली घालून बसले. तेवढ्यात पल्लवी उठून शांताकाकूसमोर जाऊन बसली.

"काकू, मायले भाकर द्या. आमचं फसलं."

"अवं, जपानचं जेवण ना?" काकू हसली. "एवढ्या दुरून आणलं अन् बारालाच संपलं?"

"उद्या पुरवतो. आज तुमी पुरवा. चटणीबी द्या थोडी."

मला लाज वाटली. माझी लाज मायला दिसली. तिनं भाकर घेतली, अर्धी तोडली, माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "आता सांग. तू तिथं वाळली काऊन?"

मग मी सांगितलं. तिथं खायला सगळं होतं. वृद्धाश्रमात दुपारचं जेवण कामावरच्या लोकांना मिळायचं. पण त्यासाठी आदल्या दिवशी एका कागदावर नाव लिहावं लागायचं आणि तो कागद मला वाचता येत नव्हता. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. पण मी होते घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. एवढंही येत नाही हे मी कसं म्हणू? मी म्हणत राहिले, मला भूक नाही. खोलीवर येऊन पाकिटातल्या शेवया उकळून खायचे. सात महिने. एक दिवस फुमिको आजींनी कचऱ्याच्या पिशवीत नुसती ती पाकिटं पाहिली, मला हात धरून खाली नेलं आणि तव्याजवळ बसवलं. तोवर माझं अंगही संपलं होतं आणि जिद्दही.

"मले भूक नाई म्हने तू?" माय म्हणाली.

"हो."

तिनं हातातली भाकर खाली ठेवली. "ते मी म्हणू शकतो. मले पोरी होत्या. तुले कोन होतं?"

उद्या आणखी एकदा खाऊन पाहीन, असा शब्द मायनं वाटेत दिला. संध्याकाळी घरी आल्यावर पल्लवीनं मला चुलीपुढे बसवून उलटतपासणीच घेतली. यात तिथं आणखी काय घालतात? आठव. मी आठवलं. हिरोशिमाकडे खाली पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग आणि त्यावर शेवयांचा थर घालतात. एक खाल्लं की बस होतं.

मायनं वर पाहिलं. "शेवया? मंग काल काऊन नाई सांगतलं?"

खरं कारण असं की आमच्या घरी शेवया म्हणजे जेवण नव्हेच. उन्हाळ्यात पाटावर काढायच्या, खाटेवर वाळवायच्या, डब्यात भरायच्या आणि पाहुणा किंवा जावई आला तरच दूधगुळात घालायच्या. तिथं पाकिटातल्या उकळून खाल्ल्या त्या वेगळ्या, त्या मी शेवयांत धरतच नव्हते. मायच्या शेवया तिखटामिठाच्या धिरड्यात जातील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माय उठली आणि वरच्या फळीवरचा डबा तिनंच खाली काढला.

रविवार, रोहणा

या दिवशी पिढ्यावर मी बसले आणि चुलीपुढे माय. तिनं जळती लाकडं मागे ओढली, निखारे तव्याखाली सारखे पसरले. आदल्या दिवशी माझं एका बाजूनं करपलं होतं ते हे न केल्यामुळेच. पातळ धिरडं, त्यावर हाताच्या ओंजळी भरभरून कोबी, उकडून तेलात परतलेल्या शेवया, मूठभर भाजलेल्या दाण्यांचा कूट. कूट तिथं कोणी घालत नाही. माय म्हणाली, नावाचा अर्थ आवडीचं घाला असा असेल तर मला कूट आवडतो. मग दोन सराटे खालून घालून एका झटक्यात उलटलं. बाजूला अंडं फोडून त्यावर तो डोंगर ठेवला. तिनं एकदाही दाबलं नाही.

दीड खाल्लं. अर्धं उरलं ते पल्लवीच्या ताटात सरकवलं.

बारा वाजले. पदर खांद्यावरच होता. सुट्टीत शांताकाकूनं न विचारताच भाकर पुढे केली.

"नको व. आज पोटात दोन देशांचं हाय."

"काही तरी खा, तोंडदेखलं."

"नको म्हणतो ना. पाणी दे."

तीन वाजता माझेच हात चालेनासे झाले. पल्लवी मधूनमधून मायच्या तासाकडे पाहत होती. चारला ऊन पिवळं झालं. पाचच्या पुढे बाया गाठोडी बांधायला लागल्या, तेव्हाही मायचा हात बोंडातून कापूस ओढत होता. दिवस रोहण्याच्या मागच्या उताराआड गेला. मग तिनं कमरेचं फडकं सोडलं, त्यातला कापूस ढिगावर टाकला आणि आमच्याकडे आली.

"पोट भरलं," म्हणाली. "आता जेवायच्या वक्ताले भूक लागन, ते वेगळं."

पल्लवीनं विचारलं, "मंग जाऊ?"

"जाजो. पण मी पोटाच्यानं नाई म्हणून राह्यली. तू काल शांतीले भाकर मागतली ना, तवाच माह्यं ठरलं होतं. तू मागून खाशीन. हे," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "हुशार हाय, पण उपाशी मरन."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "कालच ठरलं होतं, मग आज दिवसभर उपाशी राहून कशाला वेचलंस?"

"उपाशी कुठं? शब्द देल्ला होता," माय म्हणाली. "अन् कापूस तं येचावाच लागते."

सोमवारी तिघी नागपूरला गेलो. घरच्यांच्या संमतीच्या कागदावर मायनं सही केली. ज्या दोन ठिकाणी मला तो कागद कळत नव्हता तिथं मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं.

पल्लवीला तिकडे जाऊन आता एकवीस महिने झाले. पहिल्या आठवड्यातच तिनं तिथला जेवणाचा कागद कोणाकडून तरी वाचून घेतला, आणि आता नव्या मुलींना ती वाचून दाखवते. मध्यंतरी ती पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येऊन गेली. मायनं बस स्टँडवर तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बॅग तिची तिलाच उचलू दिली. तीन वर्षांची नोकरी पुरी करणारी आमच्या घरातली ती पहिली ठरणार आहे. मी वर्ध्याच्या दवाखान्यात आता वॉर्डाची मुख्य परिचारिका आहे आणि दर रविवारी रोहण्याला जाते. तिथं माय आणि मी ओकोनोमियाकी करतो, शेवया घालून, आणि दोघीही पोटभर खातो.